मदत हवी आहे: फेम्टोसेकंद पल्स अपेक्षेपेक्षा इतकी लांब का येते?

शिवडीकर:
आमचा टायटेनियम-सफायर लेझर 800 नॅनोमीटरवर चालतो आणि त्याच्या वर्णपटाची रुंदी 35 नॅनोमीटर आहे. त्या हिशेबाने पल्स (प्रकाशाचा क्षणिक झोत) 27 फेम्टोसेकंदांच्या (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश म्हणजे एक फेम्टोसेकंद) आसपास असायला हवी, पण ऑटोकोरिलेटर (पल्सच्या दोन प्रती एकमेकींवरून सरकवून तिची लांबी मोजणारे उपकरण) 130 दाखवतो. आरसे पुन्हा जुळवूनही फरक पडला नाही. सरांना सोमवारी आकडा द्यायचा आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

मुलुंडची वाचक:
130 ही ऑटोकोरिलेटरने काढलेल्या वक्राची रुंदी की पल्सची? आपला 27 चा हिशेब गॉसियन (घंटेसारख्या) आकाराचा आहे, तेव्हा वक्राच्या रुंदीला 1.41 ने भागावे; तरीही 92 उरतात. ऑटोकोरिलेटरमधल्या स्फटिकाची जाडी आणि वाटेतली काच यांविषयी आपण काहीच लिहिलेले नाही.

दादर पश्चिम:
ऑटोकोरिलेशनच्या नादी लागूच नये. तो वक्र नेहमी सममित असतो, त्यामुळे पल्सचा खरा आकार त्यातून कळत नाही. फ्रॉग (पल्सचा वर्णपट काळानुसार नोंदवणारी मोजणीची पद्धत) वापरा, त्यात फेजही (लहरीची अवस्थाही) हाती लागते.

मुलुंडची वाचक:
सेकंड हार्मोनिकवर (दुप्पट वारंवारतेच्या प्रकाशावर) चालणारा फ्रॉगही काळाची दिशा (पल्सचे पुढचे टोक कोणते) सांगत नाही, आणि सोमवारपर्यंत तो उभारणार कोण?

कांदिवलीकर:
पावसाळ्यात ऑटोकोरिलेटरमधला बीबीओ (बेरियम बोरेट) स्फटिक उघडा ठेवू नये. मुंबईच्या दमट हवेत त्याचा पृष्ठभाग धुरकट होतो.

ठाणेकर:
काळाचा अक्ष आधी तपासा. ऑटोकोरिलेटरचा सरकता आरसा 1 मायक्रोमीटर सरकला की प्रकाशाचा मार्ग 2 मायक्रोमीटरने बदलतो, म्हणजे 6.67 फेम्टोसेकंद, ही दुप्पट बऱ्याचदा राहून जाते.

शिवडीकर:
130 ही वक्राचीच रुंदी आहे आणि दुप्पट धरलेली आहे. बीबीओ 1 मिलिमीटर जाडीचा आहे. वाटेतली भिंगे आणि खिडकी मिळून बीके-7 काच 20 मिलिमीटर होते. ती मांडणीत कायमचीच असल्याने वेगळी लिहिली नव्हती.

मुलुंडची वाचक:
मग उत्तर तिथेच आहे. 800 नॅनोमीटरला बीके-7 चे विक्षेपण (वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने जाऊन पल्स पसरणे) प्रति मिलिमीटर सुमारे 44 वर्ग फेम्टोसेकंद असते. 27 ची पल्स 20 मिलिमीटर काचेतून गेली की 95 च्या जवळ पोहोचते, आणि आपले 92 त्याला धरूनच आहेत. लेझरला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र एवढ्या जाड स्फटिकात 35 नॅनोमीटरचा संपूर्ण पट्टा दुप्पट वारंवारतेत नीट रूपांतरित होत नाही, म्हणून 92 वरही पूर्ण भिस्त ठेवू नये, 0.1 मिलिमीटरचा स्फटिक मिळवावा.

दादर पश्चिम:
फ्रॉगने ही चर्प (पल्समधले रंग मागेपुढे होणे) पहिल्याच मोजणीत दाखवली असती.

मुलुंडची वाचक:
दाखवली असती, हे मान्य. शिवडीकर, सरांना पल्स लेझरच्या तोंडाशी हवी आहे की नमुन्यावर? तोंडाशी हवी असल्यास भिंगांच्या आधीच मोजा. नमुन्यावर हवी असल्यास प्रिझमची जोडी लावून काचेचे विक्षेपण आधीच भरून काढावे लागेल.