मदत हवी आहे: डॉप्लर रडारवरचा उलटा वेग सरळ कसा करायचा?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट हवामानाच्या डॉप्लर रडारवर (परतलेल्या लहरीतल्या बदलावरून वेगही मोजणाऱ्या रडारवर) घेतलाय. अंतराचं गणित सोपं आहे: लहर ढगावर आपटून १ मिलिसेकंदात परतली की ढग १५० किमीवर.

गाडी अडलीये वेगापाशी. माझं रडार एस-बँडचं (रेडिओ लहरींचा एक पट्टा), तरंगलांबी साधारण १० सेंमी. सेकंदाला १००० पल्स (लहरींचे छोटे झटके) सोडल्या तर १५० किमीपर्यंत अंतराचा गोंधळ होत नाही, पण वेग ताशी ९० किमीपर्यंतच खरा कळतो. वारा त्याहून जोरात असला की चिन्हच उलटतं. रडारकडे येणाऱ्या वाऱ्याच्या गडद हिरव्या पट्ट्यात मधेच लाल, म्हणजे दूर जाणाऱ्या वाऱ्याचा, डाग दिसतो तो यामुळेच. पल्स वाढवाव्यात तर गोंधळाविना मोजता येणारं अंतर आखडतं. इकडे आड, तिकडे विहीर!

दोन वेगळ्या पल्स-दरांनी मोजून खरा वेग काढतात, इतकं समजलंय. पण मोजमापात थोडा नॉइज (नको असलेली चढउतार) असला तर त्या दोन दरांचं गुणोत्तर ३:२ बरं की ४:३? पायथनमध्ये कुणी केलंय का? उन्हाळ्यातलं वादळ काटोलकडच्या संत्र्याच्या बागा झोडपतं, तेव्हा वाऱ्याचा आकडा चुकून कसं चालेल? म्हणून हे मला मनापासून नीट करायचंय. कुणाकडे सरावासाठी कच्चा डेटा असेल तर तोही सांगा.