पुराच्या भीतीनं खालचे दोन कप्पे रिकामे, मुलांची पुस्तकं छताला. काय करू?

देवघेव_खिडकी (सांगली) यांचा प्रश्न

सांगलीच्या गावभागात एका लहानशा वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे देवघेव, वर्गणीच्या पावत्या, दिवाळी अंकांची यादी, कुलूपकिल्ली सगळं मीच. दुपारनंतर एक शिपाईमामा येतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या हॉलमध्ये ते माझ्या छातीला लागेल इतकं होतं. खालच्या तीन कप्प्यांतल्या पुस्तकांचा लगदा झाला. भिजलेली पुस्तकं फुगून रॅकमध्ये अशी घट्ट बसली होती की मामांनी पहार घालून काढली. तो वास अजून कधीकधी पावसाळ्यात येतो, की मलाच वाटतो, देव जाणे.

त्यानंतर कमिटीनं ठराव केला: खालचे दोन कप्पे कायमचे रिकामे. ठराव चुकला असं मी म्हणत नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आत आलं, तेव्हा एकही पुस्तक गेलं नाही. पण सगळं वर सरकलं. आमचे रॅक सात फुटी. बालविभाग आधी सगळ्यात खाली होता, त्याला जागा मिळाली ती सगळ्यात वर. आता पुस्तक पहिलीच्या पोराचं आणि कप्पा माझ्याही हाताला न लागणारा. पोरं येतात, माना वर करून बघतात आणि आईच्या मोबाईलकडे वळतात.

मोठ्यांचंही तेच. आठवडाभर मी नुसतं बघत बसले. दहातले दोघंसुद्धा रॅकपर्यंत जात नाहीत. खिडकीशी उभं राहून "काहीतरी हलकंफुलकं दे गं" म्हणतात, मी देते, ते नेतात. एक आजी तीच कादंबरी तिसऱ्यांदा घेऊन गेल्या. परत करताना म्हणाल्या, "वाचल्यासारखी वाटत होती."

मग पाट्या मोजल्या. शांतता राखा. चपला बाहेर काढाव्यात. पुस्तकांवर खुणा करू नयेत. मोबाईल बंद ठेवावा. मुदतीनंतर दंड आकारला जाईल. कादंबऱ्या कुठे आहेत हे सांगणारी एकही पाटी नाही. रॅकवर पत्र्याच्या पट्ट्या आहेत, त्यावर "८९१.४६३" असं रंगवलंय. एका काकांनी विचारलं, "हा कुठल्या गावाचा एसटीडी कोड?"

कमिटीनं या वर्षी दहा हजार दिलेत. खोली वाढणार नाही, खालचे कप्पे मिळणार नाहीत. यात काय होईल? कुणी केलं असेल तर सांगा.

---

चष्मा_विसरलो (सातारा)

मी वाचनालयात काम करत नाही, चाळीस वर्षं नुसता वर्गणीदार आहे. त्यामुळे माझी तक्रार वाचकाची समजा.

ताई, तुम्ही पाटीचं म्हणताय, पण आधी पुस्तकाची पाठ बघा. नवीन पुस्तक येतं तेव्हा छान असतं. सहा महिन्यांत त्याचं कव्हर काढून काळ्या नाहीतर तांबड्या रेक्झिनमध्ये बांधतात. पाठीवर नाव नाही, लेखक नाही, फक्त दाखल क्रमांक. अशी तीनशे पुस्तकं ओळीनं लावली की ते वकिलाचं ऑफिस दिसतं. मी काय बघून हात घालू? आणि ज्या पुस्तकांना मूळ कव्हर शिल्लक असतं, तिथे क्रमांकाची चिठ्ठी नेमकी लेखकाच्या आडनावावर चिकटवलेली. आडनाव कळायला पुस्तक उपसून बघायचं आणि पुन्हा त्याच भोकात कोंबायचं.

दुसरं म्हणजे उजेड. आमच्याकडे ट्यूब रॅकच्या डोक्यावर आहे. उजेड सगळा रॅकच्या माथ्यावरच्या धुळीवर. ट्यूब दोन रॅकमधल्या वाटेवर, वाटेच्या लांबीनं हवी. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तिसरं, एक स्टूल ठेवा. आमच्या वयाला उभ्यानं पुस्तक चाळता येत नाही, म्हणून आम्ही खिडकीशीच थांबतो. आळस नाही तो.

---

दाखल_नोंदवही (सातारा जिल्हा, निवृत्त ग्रंथपाल)

उत्साह चांगला आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पत्र्याच्या पट्टीला हसू नका. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. पुढचा १ कविता, २ नाटक, ३ कादंबरी आणि कथा. मेल्व्हिल ड्यूईनं पुस्तकं विषयवार लावायची ही दशांश पद्धत १८७६ मध्ये काढली आणि ती अजून टिकली आहे, कारण उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तरी पुस्तक सापडतं. नावाच्या पाट्या लावा, पण आकडा काढू नका. वर मोठ्या अक्षरात "कादंबऱ्या", खाली बारीक आकडा.

दुसरं, कपाटं सताड उघडी ठेवाल तर पुस्तकं जातील. मी मुक्तद्वार, म्हणजे वाचकानं स्वतः कपाटातून पुस्तक घ्यायचं, करून पाहिलं आहे. पहिल्याच वर्षीच्या गणनेत जी गेली ती नेमकी चांगली गेली. तपासणीला साहेब आले की उत्तर तुम्हाला द्यायचं असतं, वाचकाला नाही.

जागेचा एक उपाय सांगतो. तुमच्या मधल्या कप्प्यांवर, म्हणजे कंबर ते डोळे या पट्ट्यात, काय आहे ते बघा. बहुतेक जुने संच आणि एकेका पुस्तकाच्या चार-चार प्रती असतील. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या जादा प्रती वेगळ्या काढा. फाटक्या असतील त्या रीतसर ठराव करून, यादी जोडून बाद करा. हे न करता आपण वाचकाला शिडीवर चढवतो.

---

देवघेव_खिडकी

सर, मधल्या पट्ट्याचं आजच बघितलं. कंबर ते डोळे या उंचीवर आमच्याकडे राजपत्रं, म्हणजे सरकारी गॅझेट, आहेत. बांधलेली. जुनी. मी हसले आणि मग मला रडू आलं.

चोरीचं मात्र पटत नाही. पुरात एका रात्रीत गेली तेवढी पुस्तकं वाचकांनी पन्नास वर्षांत नेली नसतील. दर १२ ऑगस्टला आपण ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. त्यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं दिली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा असं आहे. आमच्याकडे पुस्तक बघायचं तर आधी माझ्याकडून किल्ली मागायची आणि मी पावती फाडत असले तर थांबायचं. महागडे संदर्भग्रंथ कुलपात राहू देत. कथा-कादंबऱ्यांची कुलपं मी काढणार आहे, गणनेत काय येईल ते माझ्या नावावर.

चष्मा काका, चिठ्ठीचं शंभर टक्के खरं. ती चिकटवणारी मीच. आता पाठीवर खालून बोटभर अंतरावर लावीन.

---

थॉमसन_बेदाणा (तासगाव)

ताई, मी द्राक्षवाला माणूस, ग्रंथालयातलं कळत नाही. पण खालचे कप्पे का सोडताय ते समजलं नाही. पाणी काय भूकंपासारखं येतं का? कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला वेळ लागतो. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि आकडा तर दर तासाला सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत असतो. तुम्हाला उचलायला वेळ मिळतो. २०१९ ला घात कशानं झाला? उचलता येईल अशा कशात पुस्तकं नव्हती म्हणून.

द्राक्षाचे प्लॅस्टिकचे क्रेट घ्या. हंगाम संपला की आमच्याकडे थप्पीनं पडून असतात, जुने स्वस्तात मिळतील. मुलांची पुस्तकं त्यात उभी ठेवा, पाठ नाही, तोंड पुढं करून, आपण जुन्या बाजारात कॅसेट चाळायचो तशी. पोरगं मांडी घालून बसेल आणि एकेक पुढं ढकलत बघेल. तोंडोतोंड भरू नका, कागद द्राक्षापेक्षा जड असतो. दोन माणसांनी जिन्यावरनं नेता यायला पाहिजे. खाली दोन विटा ठेवा, नाहीतर वाळवी धरेल. क्रेट जाळीचा, हवा खेळती राहते.

आणि भिंतीवर रंगानं लिहून ठेवा: आयर्विन ३५ फूट झालं की क्रेट वर. म्हणजे रजेवर असलात तरी मामांना कळेल.

---

फळा_खडू (वाई)

वरचं उत्तर वाचून महाबळेश्वरजवळच्या भिलारची आठवण आली. २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव सुरू झालं, मी पाचवीचा वर्ग घेऊन गेले होते. तिथे घराघरांत विषय वाटलेत, बाहेर पाटी. पोरांना "इथे शोधा" म्हणावं लागलं नाही, पाटी वाचून आपापली शिरली. पाटीची उंचीही बघा. आपण पाट्या आपल्या डोळ्याला लावतो आणि मुलं दिसत नाही म्हणतात.

---

देवघेव_खिडकी

सगळ्यांना एकत्र सांगते, तीन आठवडे झाले.

राजपत्रं वर गेली. मामांनी शिव्या घातल्या, पण नेली. दहा क्रेट आणले, बेदाणावाल्या दादांनी पैसे घेतले नाहीत, म्हणाले, वर्गणी समजा. कमिटीत "वाचनालय आहे की मंडई" असं एक सदस्य बोलले. मी ३५ फुटांचा मुद्दा मांडल्यावर गप्प बसले, कारण पुरात त्यांचंही दुकान गेलं होतं. ठरावात "खालचे कप्पे रिकामे" च्या जागी "खालच्या कप्प्यांत फक्त उचलता येण्याजोगे" असं घातलं. भिंतीवर आकडा मामांच्या हातचा आहे, ३ जरा वाकडा आलाय.

नवीन पाट्या सात. "कादंबऱ्या", "चरित्रं", "नाटकं" वगैरे नेहमीच्या. सातवी आजींसाठी आहे: "हलकंफुलकं". ड्यूईत हा वर्ग कुठे बसतो विचारू नका सर. तिथे आता रोज संध्याकाळी पुस्तकं विस्कटलेली असतात आणि मला ती लावून ठेवावी लागतात. आजींसाठी जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं त्यांची खूण करायची पद्धत पाडली. "पुस्तकांवर खुणा करू नयेत" ही पाटी त्यामुळे मलाच काढावी लागली.

एक नवीन भानगड झालीय. पोरं क्रेटपुढे फतकल मारून बसतात आणि दोन रॅकमधली तीन फुटांची वाट बंद होते. परवा चष्मा काकांच्या वयाचे एक गृहस्थ अडखळले. क्रेट खिडकीजवळच्या कोपऱ्यात हलवायचे आहेत, पण तिथे वर्तमानपत्रांचं टेबल आहे आणि सकाळचे पेपरवाले सभासद ते इंचभर हलवू देत नाहीत. सांगली-मिरजेत कुणाकडे शाळेचा जुना लांब बाक असेल तर कळवा. पेपर भिंतीकडेनं बाकावर नेता येतील. टेम्पोचं भाडं आम्ही देऊ, दहा हजारातले अजून उरलेत.