उपजत की जन्मजात?

रानवारा: इंग्रजी 'इनेट इम्युनिटी'साठी मराठी शब्द ठरवायचाय. भाषांतरातलं वाक्य असं आहे: 'ॲडिनोव्हायरस श्वसनमार्गात शिरला की काही तासांतच जन्मजात प्रतिकारशक्ती त्याला ओळखते आणि पेशी इंटरफेरॉन (शेजारच्या पेशींना सावध करणारी प्रथिनं) सोडू लागतात.' तपासणाऱ्यांनी 'जन्मजात' खोडून 'उपजत' केलं. अर्थ एकच ना?

टोकदार: कोशात एकच, वैद्यकात नाही. 'जन्मजात' म्हटलं की हृदयविकार आठवतो. शिवाय बाळ आईची प्रतिपिंडं घेऊनच जन्मतं. ती आईने कमावलेल्या प्रतिकारशक्तीची, काही महिन्यांत ओसरणारी. वाचक नेमकी तीच समजणार. उपजतच हवं.

अक्षरशः: 'सहज' का नको? सह + ज, सोबत जन्मलेलं.

टोकदार: व्युत्पत्ती सुरेख. पण 'सहज प्रतिकारशक्ती' म्हणजे येता-जाता लढणारी वाटते.

अक्षरशः: वापरलं तर रुळेल. न वापरताच रुळत नाही म्हणायचं, हा कुठला न्याय?

मधुमालती: मला 'ओळखते' खटकतंय. टीएलआर-९ आणि सीजीएएस ही पेशीतली पहारेकरी प्रथिनं. टीएलआर-९ला एंडोसोममध्ये (पेशीने बाहेरून आत घेतलेल्या मालाच्या पिशवीत) डीएनए सापडतो, सीजीएएसला पेशीद्रवात. दोघांना कळतं ते इतकंच, की डीएनए भलत्या जागी आहे. हा ॲडिनोव्हायरस की दुसरा कोणी, ते ओळखणं आणि लक्षात ठेवणं बी आणि टी पेशींकडे, म्हणजे कमावलेल्या प्रतिकारशक्तीकडे. इथे 'चाहूल लागते' लिहा.

रानवारा: फार ललित होतंय.

मधुमालती: नेमकं होतंय. चाहूल लागते तेव्हा कोण आलंय ते कळलेलं नसतंच. आणि पुढे कुठे 'इंटरफेरॉनमुळे विषाणू थांबतो' असं असेल तर तेही बदला. विषाणूचं ई१ए प्रथिन इंटरफेरॉनचा निरोप केंद्रकात अडवतं. विषाणूचाच व्हीए आरएनए पीकेआरला, म्हणजे पेशीतली प्रथिननिर्मिती थांबवणाऱ्या विकराला, निष्क्रिय ठेवतो, म्हणून ती बंद पडत नाही. 'वाढीला अडथळा येतो' इतपतच खरं.

अक्षरशः: इंटरफेरॉन अडथळाच आणतं तर त्याला 'अवरोधिनी' म्हणा की. आणि ॲडिनोव्हायरसला 'ग्रंथिविषाणू'. ग्रीक 'अडेन' म्हणजे ग्रंथी.

टोकदार: १९५३ साली तो सापडला तो शस्त्रक्रियेने काढलेल्या, नाकामागच्या ॲडिनॉइडमध्ये. त्या ऊती प्रयोगशाळेत वाढवताना आपोआप नष्ट होऊ लागल्या, तेव्हा. ॲडिनॉइड स्रवणारी ग्रंथी नाहीच, लसीकाभ, म्हणजे पांढऱ्या पेशींनी भरलेली, ऊती आहे. नावातली जुनी चूक मराठीत मुद्दाम कशाला आणायची?

अक्षरशः: मग 'लसीकाग्रंथी'ही आजपासून बंद का?