शिक्षक आमदार-खासदार झाले, शाळेच्या पदरात काय पडलं?

पेठची आई
आमचे दिंडोरीचे खासदार भास्कर भगरे मूळचे शिक्षक. २०२४ ला त्याच आडनावाच्या, नावापुढे 'सर' लावलेल्या एका अपक्षालाही लाखाच्या वर मतं पडली. इतकं वजन आहे 'सर' या शब्दाला. वर विधान परिषदेत शिक्षकांसाठी ७ जागा, त्यातली एक नाशिक विभागाची. मग शाळांची ही दशा का?

मी पेठ तालुक्यातल्या एका जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. पट ४२. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. त्यातच खडू, हजेरीपट, नळाची तोटी, संडासाची सफाई, वीजबिल. गेल्या खेपेला पैसे हातात पडले मार्च संपता संपता, आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा म्हणून निरोप. तोवर बिल थकून मीटर निघालं होतं. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही पोत्याखाली झाकून ठेवलाय, मागची वायर उंदरांनी कुरतडलीय. पोरं रोज शाळेतल्या बाईंना विचारतात, "बाई, टीव्ही कधी लागणार?"

सभागृहात गेलेले गुरुजी वेतनश्रेणी आणि पेन्शनवर बोलतात. या २५ हजारांवर कोण बोलणार?

निफाडचा मास्तर
ताई, पगार वेगळा आणि शाळा वेगळी असं असतं का? मी अंशतः अनुदानित शाळेत शिकवतो, म्हणजे सरकार पगाराचा काही हिस्साच देतं, तोही टप्प्याटप्प्याने वाढवून. २० टक्के पगारावर घर चालत नाही, म्हणून सुट्टीत दुसऱ्याच्या द्राक्षबागेत विरळणीला गेलोय, माझ्याच विद्यार्थ्याच्या आईशेजारी उभा राहून. जुलै २०२५ ला आझाद मैदानावर भर पावसात बसलो तेव्हा कुठे अनुदानाच्या पुढच्या टप्प्याचं आश्वासन मिळालं. आमच्यासाठी सभागृहात कुणी बोलत असेल, तर तो मुलांच्याच बाजूचा माणूस आहे. उपाशी मास्तर काय शिकवणार?

गोदाकाठ
एक दुरुस्ती. त्या अपक्षाची मतं 'सर'मुळे नव्हेत. त्याचं चिन्ह तुतारी, भगरे सरांचं तुतारी वाजवणारा माणूस. लोकांची गफलत झाली.

आणि मुद्दा मुळातच चुकतोय. घटनेच्या १७१ व्या कलमानुसार विधान परिषदेतल्या या शिक्षक जागांना मत देतात ते माध्यमिक आणि त्यावरचे शिक्षक, तेही किमान ३ वर्षं शिकवलेले. तुमची शाळा प्राथमिक, म्हणून तिथल्या गुरुजींना मतच नाही. उमेदवार शिक्षक असला पाहिजे अशीही अट नाही. ज्याला तुमच्या शाळेतून एक मत मिळत नाही, त्याला तुमचं मीटर का दिसावं?

सातपूरकर
मला हे पटत नाही. मत नसलं म्हणून जबाबदारी सुटते का? आमदार सगळ्या राज्याचा असतो. पण ताई, खासदार निधीकडेही डोळे लावून बसू नका. वर्षाला ५ कोटी असले तरी ते टिकाऊ कामांसाठी, चालू खर्चाला चालत नाहीत. खोली बांधून मिळेल, त्या खोलीतल्या दिव्याचं बिल नाही.

पेठची आई
गोदाकाठ, चिन्हाचं बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. मताचं मला ठाऊकच नव्हतं. वाचून वाईट वाटलं. पहिलीच्या पोराला अक्षर गिरवायला शिकवणारा माणूसच त्या यादीत नाही.

मास्तर, तुमच्या पोटावर पाय द्यायचा माझा विचार नाही. पण पगारासाठी मैदानावर बसायला तुम्ही तरी होतात. वीजबिलासाठी कोण बसणार? चाळीस पोरांचे आईबाप मजुरीला नाशिकजवळच्या गिरणारे गावात गेलेले असतात.

सोमवारी समितीची बैठक आहे. संयुक्त अनुदान जूनमध्ये, शाळा उघडतानाच मिळावं असा ठराव मांडते. एक प्रत खासदारांना, एक शिक्षक आमदारांना.

निफाडचा मास्तर
पाठवा. टप्पा अनुदानाचं वाक्य त्यात नसलं तरी माझी सही घ्या. फक्त पगाराची मागणी म्हणजे स्वार्थ, असं कुणी बैठकीत म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.