जुन्या डिझेलला जादा बूस्ट: वेस्टगेटची काडी आवळावी का?

करवीरकर

आमच्याकडे 2009 सालची अडीच लिटरची डीआय टर्बो जीप आहे, 2 लाख 60 हजार किलोमीटर पळालेली. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये वेस्टगेटची, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची, काडी आखूड करून बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वाढवून दिला आणि डिझेल जास्त सुटावं म्हणून पंपाचा स्क्रूही थोडा उघडला. "आता घाट तिसऱ्यावर चढेल," म्हणाले. चढली. पाच महिने मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

मग एक दिवस रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे दिसले. सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर आणि तापमानाचा काटा चढलेला. हेड उतरवलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर गॅस्केटची पत्र्याची कडी काळी पडून एका जागी खाल्ली गेली होती. चौथ्याच्या दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बारीक चीर गेलेली, नख फिरवलं की अडकायचं. पिस्टनच्या वाटीची कड मेणबत्तीसारखी गोल झाली होती.

माझं म्हणणं असं आहे. कंपनीनं 0.6 बार दिलेला असताना तुम्ही 1.2 केला, तर तो "दुप्पट बूस्ट" एवढ्यावर भागत नाही. बाहेरच्या हवेचा 1 बार धरून सिलिंडरमध्ये 1.6 ऐवजी 2.2 बारची हवा शिरते, म्हणजे 37 टक्के जास्त. पिस्टन तीच हवा आणखी सतरा-अठरा पट दाबणार आणि त्यावर डिझेल पेटणार. हेडचे बोल्ट, गॅस्केट, बेअरिंग मात्र तेच, पंधरा वर्षं झिजलेले. जुन्या इंजिनाला हे करू नये, असं माझं ठाम मत झालंय.

टर्बो_मिरज

दादा, नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं. पण दोष चुकीच्या माणसावर टाकताय. तुमचं इंजिन बूस्टनं नाही गेलं, डिझेलनं गेलं.

पेट्रोलमध्ये हवा वाढली की नॉकिंगची, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके बसण्याची भीती. डिझेलचं तसं नसतं. डिझेल तेवढंच ठेवून हवा वाढवा, एक्झॉस्टचं तापमान उतरतं आणि काळा धूर कमी होतो. हवा तेवढीच ठेवून स्क्रू उघडा, तापमान भडकतं. पिस्टनची कड गोल होणं ही जादा डिझेलची खूण आहे. काही पंपांवर डायफ्रॅम (दाबानं हलणारा पडदा) असतो, बूस्ट वाढला की तो आपणहून डिझेल सोडतो. तो न बघता दोन्ही एकदम वाढवणारा माणूस चुकला. माझी गाडी दीड वर्ष 1.3 बारवर चालते. तीन लाखांवर गेली आहे. धूर नाही, बॅक कॉम्प्रेशन (रिंगांमधून खाली निसटणारा वायू) नाही.

कोथरूड_वर्कशॉप

मिरजकरांचं निम्मं बरोबर आहे. जादा हवा गारवा देते हे खरं, पण ती हवा गार असेल तर.

35 अंशांची हवा 1 बार बूस्टपर्यंत दाबली, तर टर्बो चांगल्या अवस्थेत असतानाही ती सुमारे 130 अंशांवर बाहेर पडते. 1.5 बारला लहान टर्बो त्याच्या कुवतीबाहेर जातो, हवा 180च्या पुढे. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी) नसेल तर दाब वाढला तरी त्या प्रमाणात हवेचं वजन वाढत नाही, आणि काटा बघून आपल्याला वाटतं, काम झालं. शिवाय टर्बाइनच्या मागे एक्झॉस्ट तुंबतो, जळका वायू सिलिंडरमध्येच रेंगाळतो. शाफ्ट लाखावर आरपीएमनं फिरत असतो, त्याच्या बेअरिंगला तेलाचा पातळ थर एवढाच काय तो आधार. त्यात जुनं, काजळीनं दाट झालेलं ऑइल!

घाटाचं वेगळं. महाबळेश्वरच्या उंचीवर बाहेरचा दाब सुमारे 0.86 बार. तिथं तेवढाच बूस्ट गाठायला टर्बोला खालच्यापेक्षा जास्त पळावं लागतं, आणि घाट चढताना आपण पायही पूर्ण दाबलेला असतो.

ऊसवाला_वाळवा

मी ट्रॅक्टरवाला माणूस. बिनटर्बोच्या ट्रॅक्टरला बाहेरून टर्बो बसवला, दोन गळीत हंगाम दोन ट्रॉल्या ओढल्या. बूस्ट 0.5 बारच्या वर कधी जाऊ दिला नाही, पंपाला हात लावला नाही. इंजिन ठीक आहे. धूर गेला, चढावर गिअर पाडावा लागत नाही.

पण माझ्या चुलतभावानं तेच बघून 1 बारवर नेला, पंपही वाढवला. पहिल्याच हंगामात, कारखान्याच्या रांगेत उभं असताना ऑइलच्या झाकणातून वाफ. खोललं तर रिंगा चिकटलेल्या, दोन लायनर ओरखडलेले. हंगामात ट्रॅक्टर पंधरा दिवस उभा राहिला, तर टोळीची उचल दिलेली असते, ती कुणाच्या जिवावर फेडायची? पुण्याच्या साहेबांचं गणित मला कळत नाही, पण लोखंड थकतं हे मी बघितलंय.

जुनं_ते_इंजिन

थोडा इतिहास सांगतो, कारण "जुनं इंजिन म्हणजे दणकट" हे सर्रास ऐकायला मिळतं. मर्सिडीजनं 1978 साली अमेरिकेत 300 एसडी आणली, विक्रीला आलेल्या मोटारीतलं पहिलं टर्बो डिझेल. पाच सिलिंडरचं तीन लिटरचं ते इंजिन आजही दणकटपणासाठी नावाजलं जातं. पण त्यांनी साध्या इंजिनावर नुसता टर्बो टांगला नव्हता. पिस्टनला खालून तेलाचे फवारे दिले, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये उष्णता वाहून न्यायला सोडियम भरलं. इतकं करूनही बूस्ट ठेवला 0.7 बारच्या आसपास. बनवणाऱ्यानं एवढा विचार करून जो आकडा ठरवला, तो आपण साध्या पान्यानं बदलतो.

टर्बो_मिरज

तो आकडा त्यांनी लाखो गाड्या, भेसळीचं डिझेल, ऑइल न बदलणारे मालक, सगळे धरून ठेवलेला असतो. त्यात वाव असतोच. मी ऑइल 5 हजाराला बदलतो, घाट चढून आल्यावर दोन मिनिटं गाडी चालू ठेवतो. माझ्या गाडीला इंटरकूलरही आहे. निगा राखणाऱ्याला आणि न राखणाऱ्याला एकच नियम कसा लावता?

करवीरकर

निगा मीही राखत होतो. मला एकच विचारायचंय. तुम्ही एक्झॉस्टचं तापमान मोजलंय का? बूस्टचा काटा नव्हे. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये प्रोब बसवून? टर्बोनंतर लावला तर शंभर अंशांहून जास्त कमी दाखवतो आणि माणूस फसतो. मी हे हेड बदलल्यावर शिकलो. आता काडी मूळ जागी आहे, दाब 0.6, आणि मॅनिफोल्डला 700च्या पुढे गेलं की मी पाय काढतो.

टर्बो_मिरज

नाही मोजलं. हे मान्य. प्रोब मागवतो, आंबा घाटात जाऊन आकडा इथंच टाकतो.

टर्बो_मिरज (बारा दिवसांनी)

साखरप्याकडून वर आलो, पाच माणसं आणि सामान, तिसरा गिअर. बूस्ट 1.3. मॅनिफोल्डला 770 अंश, आणि काटा तिथंच ठाण मांडून बसलेला. धूर अजिबात नव्हता, म्हणून मी दीड वर्ष निर्धास्त होतो. खाली येऊन पंपाचा स्क्रू पाव फेरा मागे घेतला, पुन्हा चढलो: 690. चढताना थोडी मऊ वाटली, पण चढली तिसऱ्यावरच.

म्हणजे डिझेलबद्दल माझं म्हणणं टिकलं.

करवीरकर

टिकलं, आणि मोजलंत म्हणून टिकलं. पण 1.3चं काय? तापमान उतरलं तरी हेडचे बोल्ट तेवढाच दाब सोसताहेत. तीन लाखांच्या इंजिनात मी तो निदान 1 बारवर आणला असता.

टर्बो_मिरज

पुढच्या सर्व्हिसला बोल्ट आणि गॅस्केट नवीन टाकणार आहे. तोवर काडी दोन फेरे सैल करतो. 1 बारला घाट कसा चढतो, ते बघून सांगतो.