पर्लमध्ये ऑब्जेक्टच्या मेथड चालू प्रोग्रामात नीट कशा बनवायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत स्टॉकचा प्रोग्राम करायलोय. कास्टिंगच्या क्लासमध्ये वजन, ग्रेड, हीट नंबर (भट्टीतल्या कुठल्या ओतीचं ते) अशी बरीच फील्डं आहेत आणि पार्टीप्रमाणे ती वाढतच जातात, प्रत्येकाला हातानं मेथड (ऑब्जेक्टवर चालणारं फंक्शन) लिहायची म्हणजे तोच कोड परत परत, म्हणून कॉन्फिग फाइलमधून यादी वाचून लूपमध्येच मेथड बनवतोय.

सध्या क्लोजर (फील्डचं नाव लक्षात ठेवणारं बिननावाचं फंक्शन) करून ते टाइपग्लोबला, म्हणजे पॅकेजच्या नावांच्या यादीतल्या नोंदीला, असाइन करतो. चालतंय, पण त्यासाठी स्ट्रिक्ट रेफ्स (स्ट्रिंगमधलं नाव रेफरन्स म्हणून वापरू न देणारी तपासणी) बंद करावं लागतं (तेवढ्या ब्लॉकपुरतंच ठेवलंय) आणि एरर आली की स्टॅक ट्रेसमध्ये मेथडच्या नावाऐवजी नुसतं अॅनॉन दिसतं. त्याला सब युटिल मॉड्यूलमधलं सेट सबनेम (फंक्शनला नाव देणारं) लावलं, पर्ल ५.२२ पासून ते कोअरमध्येच आहे, काम झालं.

ऑटोलोड (नसलेली मेथड बोलावली की चालणारं फंक्शन) मला नको की, मेथड आहे का ते सांगणाऱ्या कॅन मेथडला त्या मेथड दिसतच नाहीत, ऑब्जेक्ट संपताना बोलावलं जाणारं डिस्ट्रॉयसुद्धा त्यातच येऊन पडतं.

खरी अडचण पुढं आहे. मेथड बसते पॅकेजवर, ऑब्जेक्टवर नाही, त्यामुळं एका पार्टीचं फील्ड दुसऱ्या पार्टीच्या ऑब्जेक्टलापण दिसतं आणि बिलात नको ते छापलं जायची भीती आहे. मग प्रत्येक पार्टीला वेगळा सबक्लास चालू प्रोग्रामात बनवून त्यात ऑब्जेक्ट ब्लेस करू (त्या क्लासला जोडू) काय? की सरळ मू हे क्लास बनवायचं मॉड्यूल घेऊन रोल (क्लासात मिसळायचा मेथडांचा गट) लावू? तिथल्या मशीनवर इंटरनेट नाही, म्हणून सीपॅनवरचं (पर्ल मॉड्यूलांच्या ऑनलाइन साठ्यातलं) जेवढं कमी तेवढं बरं. कुणी असं केलं असेल तर सांगा की, सोबत छोटा कोड दिला तर लई बरं होईल.