मदत हवी आहे : पोक्सो कोर्टात सपोर्ट पर्सनला आत सोडत नाहीत

सायली_व : पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) खटल्यात मी एका मुलीची सपोर्ट पर्सन आहे, म्हणजे तिला आधार द्यायला नेमलेली व्यक्ती. गुरुवारी तिची साक्ष आहे. मागच्या तारखेला पट्टेवाल्याने दारातच अडवलं. "इन कॅमेरा आहे, फक्त आई आत." म्हणजे सुनावणी बंद दाराआड. माझ्या नेमणुकीची ऑर्डर दाखवली तरी ऐकेना. मुलगी माझ्याशिवाय बोलत नाही. लवकर सांगा.

रानवारा : ऑर्डर कोणाची? संस्थेचं पत्र की बालकल्याण समितीची? मुलीचं वय?

सायली_व : समितीची. ८.

पुरसीसवाला : ऑर्डर तुमच्या पिशवीत असून उपयोग नाही, कोर्टाच्या रेकॉर्डवर हवी. २०२०च्या पोक्सो नियमांप्रमाणे नेमणूक झाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी विशेष न्यायालयाला लेखी कळवायचं असतं. बहुतेक तेच राहिलंय. उद्याच सरकारी वकिलांना गाठा, पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) लावून प्रत दाखल करा, सोबत हजर राहण्याचा अर्ज द्या.

अण्णा६१ : एवढा खटाटोप कशाला? पोक्सो कायद्याचं कलम ३३(४) दाखवा.

पुरसीसवाला : अण्णा, त्यात कुटुंबीय, पालक, मित्र, नातेवाईक आहेत. सपोर्ट पर्सन शब्दच नाही. बचावपक्षाने हरकत घेतली की पोर बाहेर ताटकळणार.

रानवारा : मग कलम ३७ घ्या. इन कॅमेरा सुनावणी त्यातच आहे आणि आईवडील "किंवा मुलाचा विश्वास असलेली इतर व्यक्ती" हजर असावी हेही त्यातच आहे. पट्टेवाल्याचं कारणच तुमच्या बाजूचं आहे. अर्जात हेच लिहा.

किरण_नगर : मानधन मिळतं का याचं? जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या यादीत नाव लागतं ना?

पुरसीसवाला : लागतं, पण वेगळा धागा काढा.

अण्णा६१ : व्हिडिओ कॉन्फरन्स मागा, प्रश्नच मिटेल.

रानवारा : ८ वर्षांची पोर स्क्रीनकडे बघून गप्प बसली तर? आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा बरा, कलम ३६ मध्ये दोन्ही आहे. सायली, साक्षीची तालीम अजिबात घेऊ नका. उलटतपासणीत "कोणी शिकवलं?" हे येणारच. जबाबाची उजळणी सरकारी वकिलांवर सोडा. तुम्ही तिला आधी रिकामी खोली दाखवा, न्यायाधीश कुठे बसतात, पाणी कुठे. वकिलांचे प्रश्नही न्यायाधीशच विचारतील, आणि "आठवत नाही", "कळलं नाही" म्हटलं तरी चालतं, हे सांगून ठेवा. आत तिच्याकडे बघून मान हलवू नका.

सायली_व : अर्ज करते. आरोपी जामिनावर आहे, त्याच व्हरांड्यात बसतो.

पुरसीसवाला : अहो, हे आधी सांगायचं! अर्जात पहिली ओळ हीच घ्या. पुकारा होईपर्यंत मुलीला वेगळ्या खोलीत बसवायची मागणी त्यातच करा.